गेव्होंतचा क्रूस आणि आभाळातली वीज

श्रोतेहो, नमस्कार.

पोलंडच्या दक्षिण सीमेवर टात्रा पर्वत आहे. त्याच्या पायथ्याशी झाकोपाने हे गाव, आणि गावावर नजर ठेवून असलेलं १८९४ मीटर उंचीचं गेव्होंत शिखर. गावातून बघितलं तर आडव्या झोपलेल्या योद्ध्याचा चेहरा दिसतो. देशावर संकट आलं की हा योद्धा उठेल, अशी तिथली लोककथा आहे. त्याच्या माथ्यावर लोखंडी क्रूस उभा आहे, खडकापासून तब्बल १५ मीटर उंच.

हा क्रूस १९०१ सालचा. ख्रिस्तजन्माला एकोणीस शतकं झाली म्हणून झाकोपानेच्या धर्मगुरूंनी आणि डोंगरी लोकांनी तो उभारायचं ठरवलं. क्राकूवच्या कारखान्यात लोखंडाचे भाग तयार झाले. गाड्या जातील तिथवर गाड्यांनी आणि पुढची खडी चढण माणसांनी खांद्यावर, असे ते वर पोचले. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता, तीन साम्राज्यांनी तो वाटून घेतला होता. अशा काळात साऱ्या खोऱ्याला दिसेल असा क्रूस उभा करणं हे भक्तीचं काम होतंच, पण आपण अजून आहोत हे सांगणंही होतं, असं मला वाटतं. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे झाकोपानेला आले. ते स्वतः या डोंगरांतून भटकलेले. त्यांनी जाहीर प्रवचनात या क्रुसाची आठवण काढली आणि तो उभारणाऱ्या पूर्वजांचे आभार मानले.

आपल्याकडेही पोलिश माणसं राहून गेली आहेत. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यामुळे पोलंडची गोष्ट मला तरी परक्या मुलखाची वाटत नाही.

आता २२ ऑगस्ट २०१९ या दिवसाकडे येतो. सुट्टीचा हंगाम, शेकडो माणसं डोंगरावर. दुपारी वादळ चढून आलं आणि गेव्होंतवर वीज पडली. चार जणांचा जीव गेला, त्यांत दोन लहान मुलं होती. शंभराहून जास्त माणसं जखमी झाली.

इतके लोक जखमी का झाले, हे नीट समजून घ्यायला हवं. शिखराचा शेवटचा टप्पा लोखंडी साखळ्या धरून चढावा लागतो. वीज माथ्यावर पडली, तरी ती तिथेच जिरत नाही; ओल्या खडकावरून, साखळ्यांमधून खाली पसरते. क्रुसापासून लांब, साखळीच्या रांगेत उभ्या असलेल्यांनाही त्यामुळे झटका बसतो. साखळी हातात नसली, तरी दोन पावलं फाकवून उभ्या माणसाच्या एका पायातून दुसऱ्या पायात प्रवाह जाऊ शकतो.

क्रूस काढून टाकावा का? मला ते पटत नाही. तिथला उघडा सुळका क्रूस नसतानाही विजेला जवळचाच, आणि साखळ्या काढल्या तर पाय घसरून माणसं दगावतील. बदलायला हवी ती आपली वेळ. टात्रामध्ये उन्हाळ्यातली वादळं बहुतेक दुपारी येतात. म्हणून जाणकार पहाटे निघतात आणि दुपारच्या आत माथा सोडतात. गडगडाट कानावर आला, म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते असं समजायचं, माथा जवळ असला तरी मागे फिरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान अर्धा तास उघड्यावर जायचं नाही.

हे मी तुम्हाला कळकळीने सांगतोय, कारण आपलं कळसूबाई आहे. १६४६ मीटर उंच, माथ्यावर देवीचं मंदिर आणि वाटेत लोखंडी शिड्या. नवरात्रात तिथे भाविकांची रीघ लागते, आणि परतीच्या पावसाचा गडगडाटही त्याच सुमाराला दुपारनंतर सुरू होतो. यंदा जे मंडळींना घेऊन वर जाणार असतील, त्यांना माझी विनंती आहे: पहाटे निघा, दर्शन सकाळीच उरका, आणि ढग भरून आले तर शिडीवर रांग लावू नका, लोकांना आधीच खाली उतरवा.