तापमापक कुठे ठेवायचा?

फळ्यावर लिहिलेलं तापमान हा नुसता आकडा असतो. तोच आकडा स्वतः मोजायला गेलं, की पहिला प्रश्न उभा राहतो: तापमापक ठेवायचा कुठे?

हवामानशास्त्र शिकणाऱ्या पदवीच्या या विद्यार्थ्यांनी दोन सारखे तापमापक घेतलेत. एक उघड्या उन्हात, दुसरा पांढऱ्या लाकडी पेटीत. आकडे जुळत नाहीत. उन्हातला तापमापक ऊन शोषून स्वतःच तापतो, आणि तेच दाखवतो. हवेचं तापमान हवं असेल, तर ही पेटी लागते. स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांची ही रचना. तिरप्या पट्ट्यांमधून वारा खेळतो, ऊन आत शिरत नाही. उत्तर गोलार्धात दार उत्तरेला ठेवतात. वाचन घेतानाही पाऱ्यावर ऊन पडायला नको.

पेटीत आणखी एक तापमापक आहे. त्याच्या पाऱ्याच्या फुग्यावर ओलं मलमल गुंडाळलंय. पाण्याची वाफ होताना उष्णता जाते आणि पारा उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका कोरड्या आणि ओल्या तापमापकांतला फरक मोठा. त्यावरूनच सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकेल त्याच्या किती टक्के बाष्प आहे, ते काढतात. मलमल मळलं किंवा वाळलं, की पारा पुरेसा उतरत नाही आणि आर्द्रता आहे त्यापेक्षा जास्त भरते. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं. पण मळकं कापड स्वतः बदलून पारा पुन्हा उतरताना पाहिलेला विद्यार्थी ते विसरत नाही. हवामानशास्त्राची सुरुवात इथूनच व्हायला हवी, समीकरणं मागाहून येऊ देत.

आता आकाशात फुगा सोडायची वेळ. त्याला लटकलेलं रेडिओसोंड हे छोटं उपकरण तापमान, आर्द्रता आणि दाब मोजून रेडिओने खाली कळवत राहतं. वर चढायचा वेग सेकंदाला साधारण ५ मीटर. पडद्यावर तापमानाची रेषा उतरत जाते, उतरत जाते, आणि एका उंचीवर उतरायची थांबते. तपस्तब्धी, वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराची वरची सीमा! शाळेत पाठ केलेला शब्द आज त्यांच्याच फुग्याने गाठलाय. पुढे दाब घटत जातो, फुगा फुगत जातो आणि ३० किलोमीटरच्या आसपास फुटतो.

पावसाचं मोजमाप, वाऱ्याची दिशा, ढगांची नोंद, हे रोजचं काम. ठरलेल्या वेळी, सुट्टीच्या दिवशीही.

नोंदवहीत एक रकाना शेऱ्यांचा आहे, आणि शिक्षक त्याबद्दल फार काटेकोर आहेत. पेटी हलवली, तापमापक बदलला, शेजारचं झाड तोडलं, सगळं तारखेसह लिहायचं. हवामानाची सरासरी ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात. तेव्हा मध्येच तापमानाने उडी घेतलेली दिसली, तर ती खरी की झाड गेल्यामुळे आलेली, हे ठरवायला सरासरी काढणाऱ्याच्या हाती याच रकान्यातली ओळ असेल.