देवांना जाब विचारणारी पोरं

नमस्कार. आज सभागृहात पालक आहेत, शिक्षक आहेत, आणि मागच्या रांगांत चक्क मुलंही बसली आहेत, याचा मला फार आनंद झाला. विषय दिलाय तो ‘पुराणकथा आणि मुलांच्या साहसकथा’. तो एवढा मोठा आहे की सगळीकडे हात लावत बसलो तर कुठेच नीट पोचणार नाही. म्हणून मी एकच पुस्तकमाला घेणार आहे. रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाची पर्सी जॅक्सनची पहिली पाच पुस्तकं. पहिलं, ‘द लाइटनिंग थीफ’, २००५ साली आलं आणि पाचवं २००९ साली. मागे बसलेल्यांपैकी काहींनी ती वाचलेली आहेत, हे नाव घेताच उठलेल्या कुजबुजीवरून कळतंच आहे. मोठ्यांना मात्र ‘ते काहीतरी ग्रीक देवांचं’ एवढंच ठाऊक असतं. त्यांच्यासाठी जरा सविस्तर बोलतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या पुस्तकांत राक्षस आहेत, तलवारी आहेत, पाठलाग आहेत. पण मुलांना ती धरून ठेवतात ते एका तक्रारीमुळे. देवांनी मुलं जन्माला घातली आणि वाऱ्यावर सोडली, ही ती तक्रार. रायर्डनने ती ग्रीक पुराणातूनच उचलली, पाच पुस्तकं तापत ठेवली आणि शेवटी तिचा निकाल लावला.

मालिकेचा जन्म घरातच झाला. रायर्डन तेव्हा शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे आणि मोठ्यांसाठी रहस्यकादंबऱ्या लिहायचे. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं वाचण्यातली अडचण, आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि सततची चुळबुळ, आहे असं निदान झालं होतं. वाचनाचं त्याला ओझं व्हायचं, पण दुसरीत असताना ग्रीक पुराणकथांची गोडी लागली. वडील रोज रात्री एक कथा सांगायचे. कथा संपल्या तेव्हा तो म्हणाला, मग नवीन रचा. रायर्डननी पर्सी नावाचा मुलगा रचला आणि देवांचा राजा झ्यूस याचं चोरीला गेलेलं वज्र शोधायला त्याला आजच्या अमेरिकेत पाठवलं. तीन रात्री ती गोष्ट चालली. मुलगा म्हणाला, हे लिहून काढा. खर्डा तयार झाल्यावर त्यांनी तो आपल्या शाळेतल्या सहावी ते आठवीच्या काही विद्यार्थ्यांना वाचायला दिला. लिहिणारा बारा-तेरा वर्षांच्या मुलांपुढे रोज उभा राहणारा मास्तर आहे, हे पुस्तकात पानोपानी जाणवतं. गोष्ट पर्सीच स्वतः सांगतो, आणि त्याचं बोलणं खऱ्या मुलाचं वाटतं.

पर्सीलाही हेच दोन त्रास आहेत. अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर पोहतात, वर्गात एका जागी बसवत नाही, एकामागून एक शाळांतून काढून टाकलंय. पुढे त्याला कळतं की त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलेला आहे, आणि जी चुळबुळ शिक्षकांना खटकते ती रणांगणावर जीव वाचवणारी चपळाई आहे. शिक्षकांना मी हे मुद्दाम सांगतो आहे. आपल्याकडे दहावीला अशा मुलांना जादा वेळ मिळतो, तो हवाच. पण ‘तुला सवलत आहे’ हे ऐकणं वेगळं आणि एका जाडजूड पुस्तकाचा नायक आपल्यासारखाच आहे हे वाचणं वेगळं. न वाचणारा मुलगा या पुस्तकाने वाचायला लागला, असं पालक मला सांगतात तेव्हा मला नवल वाटत नाही.

आता कारागिरीकडे येतो. जुनी कथा आजच्या जगात आणायची म्हणजे पात्रांच्या हाती मोबाइल द्यायचा, अशी एक सोपी समजूत आहे. रायर्डन तसं करत नाही. त्याच्या जगात प्रत्येक जुन्या गोष्टीला आजची अशी जागा सापडते, की तिचं मूळचं काम चालूच राहतं. ऑलिंपस पर्वत, म्हणजे ग्रीक देवांचं घर, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर आहे. खऱ्या इमारतीला मजले १०२. ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात कमळ खाऊन घर विसरणारी माणसं आहेत, ती लास वेगसच्या लोटस नावाच्या कसिनोत भेटतात. मुलं तिथे थोडा वेळ खेळतात आणि बाहेर येऊन बघतात तर पाच दिवस उलटलेले. पाहुण्याला खाटेच्या मापाचा करण्यासाठी ताणणारा किंवा छाटणारा प्रोक्रस्टीझ लॉस एंजेलिसमध्ये पलंगांचं दुकान चालवतो. यांतलं काहीही उगीच नाही. वेळ विसरायला लावणारी जागा कुठली, याचं उत्तर आजच्या अमेरिकेत कसिनो हेच आहे.

मेड्युसाच्या प्रकरणापाशी मात्र थांबायला हवं. मला विचाराल तर सगळ्या मालिकेचं मर्म तिथे आहे.

मूळ कथा अशी. आर्गोसच्या राजाला भविष्य सांगितलं जातं की नातू तुझा जीव घेईल. तो आपल्या मुलीला, डॅनीला, कोंडून ठेवतो. झ्यूस सोन्याचा पाऊस होऊन तिच्यापाशी येतो आणि पर्सिअस जन्मतो. राजा मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडतो. ती पेटी सेरिफोस बेटाला लागते, एक कोळी त्यांना सांभाळतो. बेटाचा राजा पॉलिडेक्टीझ डॅनीच्या मागे लागतो आणि आड येणाऱ्या पोराला कटवण्यासाठी त्याला मेड्युसाचं डोकं आणायला धाडतो. तिच्याकडे पाहील तो दगड होणार. पर्सिअस चकचकीत ढालीत तिचं प्रतिबिंब बघत तिचा शिरच्छेद करतो, परत येतो, आणि त्याच डोक्याने राजाचा दगड करतो. आई सुटते.

आता पुस्तक. पर्सीची आई सॅली गेब नावाच्या माणसाबरोबर राहते. तो तिचे पैसे उडवतो, पत्त्यांचे डाव मांडतो, तिला मारतो. प्रवासात पर्सी आणि त्याचे सोबती ॲनाबेथ आणि ग्रोव्हर ही तिघं न्यू जर्सीत रस्त्याकडेच्या एका दुकानात शिरतात. बागेत ठेवायचे पुतळे विकणारं दुकान. डोक्यावरून पडदा घेतलेली एक बाई त्यांना पोटभर खाऊ घालते, पैसे घेत नाही. पुतळे विलक्षण हुबेहूब आहेत, मुलांचे, प्राण्यांचे, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर भीती. ग्रोव्हर एका पुतळ्यापाशी थबकतो. तो अगदी त्याच्या फर्डिनंड काकासारखा दिसतो. बाई म्हणते, बसा जरा, तुमचा एक फोटो काढते. मोठ्यांना हे केव्हाच कळलेलं असतं. दहा वर्षांचं मूल मात्र पुस्तक घट्ट धरून ‘अरे पळा’ असं ओरडायच्या बेतात असतं. पर्सी दुकानातल्याच एका काचेच्या गोळ्यात तिचं प्रतिबिंब बघत वार करतो.

इथे लेखकाचा अभ्यास दिसतो. पर्सी हा पोसायडनचा, समुद्रदेवाचा मुलगा. मेड्युसा ही त्याच देवाची एकेकाळची प्रिया. आणि तिला शाप दिला अथीना या बुद्धीच्या देवीने. ॲनाबेथ अथीनाची मुलगी. म्हणजे दोन मुलं आपापल्या आईबापांनी करून ठेवलेल्या गोष्टीसमोर उभी आहेत. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत पोसायडनचं वागणं जबरदस्तीचं आहे. ग्रीक कवी हेसिअडच्या जुन्या काव्यात दोघं वसंतातल्या फुलांच्या कुरणात एकत्र येतात. रायर्डनने हेसिअडचा धागा धरला. वाचकाचं वय बघता मला ते बरोबर वाटतं.

आणि ते डोकं? पर्सी ते खोक्यात घालून देवांच्या पत्त्यावर पाठवून देतो, ‘शुभेच्छांसह’. शेवटी खोकं त्याच्याकडे परत येतं. गेबचं काय करायचं तेही त्याला कळतं. पण तो स्वतः काही करत नाही. खोकं आईच्या हवाली करतो आणि निघून जातो. गेबचा पुतळा होतो तो तिच्या निर्णयाने, आणि तो पुतळा विकून ती आपल्या शिक्षणाची सोय करते. मूळ कथेत आईला मुलगा सोडवतो. इथे हत्यार तिच्या हाती येतं. कथेचा सांगाडा जसाच्या तसा ठेवून एकच सांधा फिरवलाय, आणि त्यातून आजचं काहीतरी सांगून झालं. पुराणकथा नव्याने लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असं मी कळकळीने सांगेन.

आता तक्रारीकडे. देवांच्या मुलांसाठी लाँग आयलंडवर एक शिबिर आहे. बारा देवांच्या बारा खोल्या. ज्याच्या आईने किंवा वडिलांनी ‘हे माझं मूल’ अशी खूण दिली, ते त्या खोलीत जातं. खूण मिळाली नाही, तर हर्मीसच्या खोलीत. प्रवाशांचा देव म्हणून तो सगळ्यांना थारा देतो. त्या खोलीत जमिनीवर अंथरुणं टाकून मुलं वर्षानुवर्षं वाट बघत असतात. त्यांचा पुढारी ल्यूक, हर्मीसचाच मुलगा, आतून जळून गेला आहे. वज्र चोरणारा तोच. पुढे तो देवांच्या शत्रूला, क्रोनोसला, जाऊन मिळतो. मालिकेतला दुष्ट हा असा नाकारलेला मुलगा आहे, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही, हे रायर्डन वाचकापासून लपवत नाही. मुलांच्या पुस्तकात एवढा प्रामाणिकपणा फार थोडे दाखवतात.

पाचव्या पुस्तकात ल्यूक स्वतःचा जीव देऊन क्रोनोसला थांबवतो. देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो नाही म्हणतो. त्याऐवजी मागतो काय, तर प्रत्येक मुलाला तेरा वर्षांचं होईपर्यंत तुम्ही आपलं म्हणा, आणि लहानसहान देवांच्या मुलांनाही शिबिरात जागा द्या. ल्यूकची मागणी लढाई जिंकलेल्या बाजूने पुढे येते.

एक गोष्ट मला या मालिकेत पटत नाही. पुस्तकात सांगितलं आहे की जिथे पाश्चात्त्य संस्कृतीचं केंद्र, तिथे देव मुक्काम हलवतात. आधी ग्रीस, मग रोम, पुढे इंग्लंड वगैरे, आता अमेरिका. कथेच्या सोयीसाठी ठीक आहे, पण यात देव सत्तेच्या मागे जातात असं होतं. इतिहास वेगळं सांगतो, आणि तो आपल्या अंगणात आहे. कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, आणि तिथल्या कांस्यवस्तूंमध्ये पोसायडनची एक लहानशी मूर्ती निघाली. पर्सीचे वडील! आज ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. रोमन साम्राज्याने काही कोल्हापूर जिंकलं नव्हतं. मूर्ती आली ती व्यापाराच्या वाटेने, सातवाहनांच्या काळात, मोसमी वाऱ्यावर येणाऱ्या जहाजांतून. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं आहेत, पैठण आणि तेर ही पेठेची गावं आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या यवनांनी, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकांनी, दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत. पुस्तक वाचलेल्या मुलाला त्या मूर्तीसमोर नेऊन उभं करा. शाळेच्या सहलीत एवढं सहज जमेल.

पुढे रायर्डनकडे वाचकांनी मागणी केली की आता आमच्या पुराणांवरही लिहा. स्वतः लिहिण्याऐवजी त्यांनी त्या त्या संस्कृतीत वाढलेल्या लेखकांना आपल्या नावाखाली जागा मिळवून दिली. २०१८ साली त्यातलं पहिलं पुस्तक आलं, रोशनी चोक्शी यांचं ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’. पांडव पुन्हा जन्मलेत, आणि या वेळी मुली आहेत. आरू इंद्राची मुलगी, अटलांटातल्या एका संग्रहालयात राहते, थापा मारते. भारतीय वंशाच्या अमेरिकन मुलांसाठी ते मोठंच काम आहे. पण अटलांटा आपलं नाही. मला मराठीतून, मराठी मुलुखात घडणारं वाचायचं आहे.

जागा कमी नाहीत. चिखलदऱ्याला कीचकाची दरी दाखवतात, लोणारला लवणासुर गाडला असं म्हणतात, नाशिकला पंचवटी तर शहराच्या मध्यात आहे. मात्र जागा मिळाल्या म्हणून मालिका होणार नाही. तक्रार लागेल, आणि ती मऊ न करता लिहिण्याची हिंमत लागेल. आपल्याकडे पुराणातल्या गोष्टी मुलांना देताना टोकं घासून गुळगुळीत करायची सवय आहे. मुलांना ती टोकंच हवी असतात.

घटोत्कच घ्या. भीमाचा मुलगा, रानात आईपाशी वाढलेला. जाताना वडिलांना सांगतो, आठवण काढाल तेव्हा येईन. आठवण काढली जाते ती गरज पडली की. द्रौपदीला डोंगर चढवत नाही, बोलवा घटोत्कचाला. रात्रीचं युद्ध जिंकायचंय, बोलवा घटोत्कचाला. तो प्रत्येक वेळी येतो. चौदाव्या रात्री तो मरतो, पांडव रडतात, आणि श्रीकृष्ण आनंदाने नाचतो, कारण अर्जुनाला मारण्यासाठी राखून ठेवलेलं ‘शक्ती’ हे अस्त्र घटोत्कचावर खर्ची पडलं. ती शक्ती फेकणारा कोण? कर्ण. ज्याला आईने पेटीत घालून नदीत सोडलं आणि बापाने जगासमोर कधी आपलं म्हटलं नाही, तो. पांडवांचा वंश सांगताना या दोघांना बाजूला बसवतात, आणि त्यांतला एक दुसऱ्याला मारतो. बारा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा, तो लगेच विचारेल, ‘पण ते दोघं एकमेकांशी बोलले का नाहीत?’ इथे बसलेल्यांपैकी कोणी लिहिणारं असेल, तर त्यांनी त्या प्रश्नापासून सुरुवात करावी. तुमच्या खर्ड्याचा पहिला वाचक व्हायला मी तयार आहे.