फ्रीजच्या दारातलं पेन

[दृश्य: वडोदरा, दांडिया बाजारातलं जुनं घर. स्वयंपाकघरातला फ्रीज उघडतो.]

दूध, कोथिंबिरीची जुडी, कालची कढी. आणि दाराच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे, पेनासारखं दिसणारं इंजेक्शन. बीजांडं वाढवणारं. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी, बेंबीपासून दोन बोटं सोडून टोचून घ्यायचं. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून मी बरणी पुढे ओढून ठेवायचे.

आत्येसासूबाईंना ते दिसलंच. "अगं, साखर वाढली का तुझी?"

मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. दोन वर्षं रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्स-रे. जेजुरीचा नवस, गुरुवारचे उपास. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या नवऱ्याकडे वळून विचारलं, "आणि ह्याची तपासणी?"

ती झालीच नव्हती. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितली नव्हती, घरात कुणी विषय काढला नव्हता, आम्हीही टाळला होता. आजही आठवलं की जीव जळतो.

[दृश्य: पहाटेचा सुरसागर तलाव.]

मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. वीर्याची तपासणी स्वस्त. सुई नाही, भूल नाही. एका मिलिलिटरमध्ये निदान १ कोटी ६० लाख शुक्राणू असावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप. ह्यांचा आकडा त्याच्या कितीतरी खाली निघाला. नव्या डॉक्टरांनी आधी तंबाखूचा मसाला बंद करायला लावला. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणजे आज सोडलेल्या तंबाखूचा फरक कळायला तीन महिने तरी हवेत. आकडा फार कमी असला तरी वाट आहे. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी जगापुढे आणलेल्या 'इक्सी'त, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या एका पद्धतीत, एकच शुक्राणू निवडून थेट बीजांडात सोडतात आणि प्रयोगशाळेत तयार झालेला गर्भ मग गर्भाशयात सोडतात.

पण माझी दोन वर्षं गेली होती. बीजांडं जन्माबरोबरच येतात, नवी तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्याने घसरतात, आणि इंजेक्शनाने प्रत सुधारत नाही. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास दोघांनी दवाखाना गाठावा, वर्षभर थांबू नये.

[दृश्य: प्रयोगशाळा. द्रव नायट्रोजनच्या टाकीतून वाफ.]

यश वाढवणाऱ्या गोष्टी फार झगमगीत नाहीत. थायरॉइड ताब्यात ठेवणं. नळीत पाणी साठलं असेल तर गर्भ सोडण्याआधी ती नळी काढणं किंवा बंद करणं. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग नळ्या बंद करतो, तोही वेळीच शोधायला हवा. शक्य तिथे एकच गर्भ सोडावा, बाकीचे उणे १९६ अंशांत गोठवून ठेवावेत. जुळ्यांत दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो.

आणि ज्यांचा उपयोग नाही, त्याही सांगते. गर्भ सोडल्यावर दिवस दिवस पडून राहायची गरज नाही. गर्भाशयाचं अस्तर खरवडून घेण्याचा फायदा २०१९ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. पाटीवर 'यश ७० टक्के' वाचलंत तर विचारा, टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांचं, की बाळ घरी नेलेल्यांचं? कोणत्या वयाच्या बायकांचं? केंद्राची नोंदणी अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याखाली झाली आहे का, तेही विचारा.

[दृश्य: रात्र. भिंतीवरचं घड्याळ.]

शेवटचं इंजेक्शन, ट्रिगर, बीजांडं पक्व करणारं. रात्री बरोबर साडेदहाला. छत्तीस तासांनी बीजांडं काढायची असतात, तेव्हा वेळ चुकली तर सगळंच चुकतं. ह्यांनी दोन मोबाइलवर गजर लावले. आत्येसासूबाई जेवणं झाल्यापासून घड्याळासमोर बसून होत्या. सव्वादहाला त्यांनीच उठून फ्रीज उघडला. पेन आता बरणीच्या पुढे होतं.