मजकुराचा काळा म्हणजे फक्त के, एकटी काळी शाई! छपाईला फाइल देण्याआधी एवढं बघाच

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय, "ताई, प्रेसमधून फोन आला की मजकूर चार रंगात आहे, सिंगल ब्लॅक करून द्या, म्हणजे नक्की काय करायचं?" आणि दिवसही तेच आहेत, दिवाळी अंकांच्या फाइली यायला लागल्यात, प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधी फाइली तपासायला, बसणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर आत्ता हीच भानगड आहे. म्हणून आज काळा रंग, बाकी काही नाही.

बाकीचं पटकन उरकते. ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी पानाबाहेर वाढवलेली जागा, चारी बाजूंनी ३ मिमी. फोटो ज्या मापात छापायचाय त्या मापात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच बसवा, नाही जमलं तर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करा, पण कर्व्ह करण्याआधीची मूळ फाइल जपून ठेवा, कारण शेवटच्या क्षणी शुद्धलेखनाची दुरुस्ती येतेच येते. पानं एकेक सुटी द्या, शेजारी शेजारी जोडून देऊ नका, सोळा पानी फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावरची पानांची मांडणी, आम्ही लावतो, कुठलं पान कुणाशेजारी आणि कुठलं उलटं हे बाइंडिंग बघून ठरतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो शक्यतो नकोच, तो बहुतेक वेळा १६०० पिक्सेलचाच उरलेला असतो, १६०० ला ३०० ने भागा, सव्वापाच इंचांच्या आसपास येतात, तो फोटो पूर्ण पानावर ताणला की फुटणारच. झालं.

आता काळा. ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट निघते, सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा, म्हणजे के. प्लेटवरून शाई रबरी ब्लँकेटवर जाते आणि तिथून कागदावर, असे एकावर एक चार ठसे बसतात. मजकूर के शंभर टक्के आणि बाकी तिन्ही शून्य असेल तर अक्षर एकाच ठशात उमटतं, प्रश्नच मिटला. पण तुम्ही आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, काम केलं, शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून मोड बदलून सीएमवायके, म्हणजे याच चार शायांचा, केला, तर त्या काळ्याचं काय होतं बघा. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकन छपाईच्या स्वॉप सेटिंगमध्ये आरजीबी शून्य शून्य शून्य, म्हणजे पूर्ण काळा, बदललं की सायन, मजेंटा, पिवळा, के या क्रमाने टक्के येतात ७५, ६८, ६७ आणि ९०. बेरीज करा. ३००. तुमच्या नऊ पॉइंटच्या अक्षरावर चारही शाया मिळून ३०० टक्के!

एकाने लिहिलंय, "ताई मी तर सीएमवायके करूनच दिलं होतं, तरी परत आलं." अहो, सीएमवायके केल्यामुळेच परत आलं! मोड बदलणं म्हणजे काळा सिंगल करणं नाही, उलट काळा चार रंगात फुटतो तो तिथेच.

दुसरी कमेंट, "स्क्रीनवर तर काळंच दिसतंय की." दिसणारच. स्क्रीनवर चारही रंग एकमेकांवर तंतोतंत बसलेले असतात. मशीनवर कागद ओला होतो, डॅम्पनिंगचं पाणी लागतं, कागद पकडणारा ग्रिपर ओढतो, कागद थोडा वाढतो, आणि एका रंगाचा ठसा दुसऱ्यापासून ०.१ मिमी सरकला तर मशीनमनला कुणी दोष देणार नाही, फोटोत ते कळतही नाही. पण देवनागरीत ०.१ मिमी म्हणजे रफाराची बारीक टोकं, र्‍हस्व उकाराची शेपटी, सगळं त्याच जाडीचं. इंग्रजी अक्षर जाडसर असेल तर निभावून नेतं, आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, निसटायला जागा भरपूर. मग अनुस्वाराच्या एका बाजूला गुलाबी कड दिसते आणि दुसऱ्या बाजूला निळी. त्यात दिवाळी अंक छापायला लागतात पावसाळ्याच्या शेवटी, हवेत दमटपणा असतो आणि कागद ती ओल पितो. ज्या प्रेसमध्ये दोन रंगांचं मशीन आहे तिथे तोच कागद दोनदा मशीनमधून जातो, पहिल्या फेरीनंतर रात्रभर पडून राहिला तर सकाळी त्याचं माप बदललेलं असतं. अशा कागदावर चार रंगातलं नऊ पॉइंट मराठी जुळवून दाखवा म्हणणं हा त्या मशीनमनवर अन्याय आहे.

एकदा एक आरतीसंग्रह आला होता, खिशात मावेल एवढा, टाइप बारीक, डिझायनरने पानंच्या पानं फोटोशॉपमध्ये बनवून जेपीजी दिलेली. घाईचं काम, तपासायला कुणी थांबलं नाही, थेट प्लेटी निघाल्या. आमचे मशीनमन काका भिंग लावून रजिस्टर, म्हणजे चार रंगांचे ठसे एकमेकांवर, जुळवतायत, डावीकडे जुळलं की उजवीकडे सुटतं, अर्धा दिवस गेला, कागद गेला, आणि गिऱ्हाईक म्हणतं मशीन जुनं झालंय तुमचं. मशीनला काहीही झालं नव्हतं. मजकूर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन टाकला, के शंभर केला, नव्या प्लेटी काढल्या, त्याच मशीनवर अक्षरं खणखणीत उमटली. मला अजून वाईट वाटतं ते काकांच्या गेलेल्या अर्ध्या दिवसाचं.

आता काही हुशार मंडळी म्हणतात, "ठीक आहे, पुस्तक एकरंगी आहे, फक्त के ची प्लेट काढा, बाकीच्या तीन टाकून द्या." नाही चालत! वरचे आकडे आठवा, के ९० होता, शंभर नव्हता. शंभर टक्के असेल तर अक्षर भरीव छापतं. ९० टक्के म्हटलं की रिप, म्हणजे प्लेटीसाठी फाइल तयार करणारं सॉफ्टवेअर, त्याचं स्क्रीन करतो, म्हणजे अक्षर बारीक ठिपक्यांचं बनतं आणि कड करवतीसारखी होते. मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकाच्या साध्या, बिनचकाकीच्या कागदावर, तर लगेच कळतं, वाचताना डोळ्याला त्रास होतो आणि का होतोय ते वाचणाऱ्याला सांगता येत नाही.

आणि तिसरी बाजू, ही जास्त फसवी. मुखपृष्ठाचं मोठं काळं बॅकग्राउंड असतं तिथे नुसता के धुरकट दिसतो, म्हणून आम्ही त्याखाली इतर रंगांचा आधार देतो, ६०, ४०, ४०, १०० असं काहीतरी, त्याला रिच ब्लॅक म्हणतात आणि तिथे तो बरोबरच आहे. पण त्याच काळ्यात तुम्ही पांढऱ्या बारीक अक्षरात अनुक्रमणिका टाकता. आता पांढरं अक्षर म्हणजे चारही प्लेटींवर मोकळी सोडलेली जागा, एक रंग जरा सरकला की त्या मोकळ्या जागेत शिरतो आणि अक्षर बुजतं. म्हणजे दुखणं तेच, फक्त उलटं. तिथे अक्षर जाड घ्या, मोठं घ्या, नाहीतर तेवढी पट्टी नुसत्या के ची करा.

याच्यापेक्षा वाईट म्हणजे स्वॉचमधला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार रंगांच्या यादीतला, रजिस्ट्रेशन नावाचा काळा. "सगळ्यात गडद दिसतो म्हणून घेतला" असं एकाने लिहिलंय. कृपा करून नका घेऊ! तो क्रॉप मार्कसाठी, म्हणजे कागद कुठे कापायचा त्या खुणांसाठी, आहे, चारही प्लेटींवर शंभर शंभर, म्हणजे ४०० टक्के शाई. ती वाळत नाही, वरच्या कागदाच्या पाठीला लागते, गठ्ठाच्या गठ्ठा खराब होतो.

तर करायचं काय. मजकूर फोटोशॉपमध्ये टाइप करू नका, इनडिझाइन किंवा कोरलमध्ये करा आणि रंग आकडे बघून द्या, ०, ०, ०, १००. रंगीत पट्टीवर काळा मजकूर असेल तर तो ओव्हरप्रिंट, म्हणजे पट्टीच्या रंगावरच छापलेला, हवा, नाहीतर पट्टीत अक्षराचा आकार कापला जातो आणि कागद हलला की पांढरी रेघ दिसते. इनडिझाइन त्याच्या ब्लॅक स्वॉचला हे आपोआप करतं, कोरलमध्ये पीडीएफ करताना सेटिंगमध्ये ऑलवेज ओव्हरप्रिंट ब्लॅकवर टिक करावी लागते. वर्डमधून आलेली पीडीएफ आरजीबीच असते, ती अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये कन्व्हर्ट कलर्सला टाकताना प्रिझर्व्ह ब्लॅक चालू ठेवा.

मग तपासा. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रीव्ह्यू उघडा, ब्लॅकची टिक काढा. मजकूर संपूर्ण गायब झाला तर फाइल पाठवा. मागे तपकिरी भुतासारखा उरला तर तो चार रंगात आहे, परत जा. अ‍ॅक्रोबॅट प्रो विकत घेणं जमत नाही असं खूप जणांनी लिहिलंय, तर स्क्रायबस हे पानं लावायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात पानं लावली असतील तर त्याच्या प्रिंट प्रीव्ह्यूमध्येही एकेक रंग बंद करून बघता येतं.

एक प्रश्न राहिला, "आम्ही तर पन्नास प्रती डिजिटलवर काढतो, आम्हाला काय फरक पडतो?" पडतो, खिशाला पडतो. डिजिटल मशीनवर बहुतेक ठिकाणी क्लिकचा, म्हणजे छापलेल्या प्रत्येक पानाचा, हिशोब असतो, काळ्या क्लिकचा दर वेगळा, रंगीतचा वेगळा आणि बराच जास्त. तुमचं साधं मजकुराचं पान चार रंगातल्या काळ्यात असेल तर मशीन ते रंगीत म्हणून मोजतं. दोनशे पानी पुस्तकाच्या पन्नास प्रती, दहा हजार पानं होतात, तुमच्या प्रेसचे दोन्ही दर विचारा आणि फरक स्वतः मांडून बघा, आणि तो आकडा खाली कमेंटमध्ये टाका.