टॉमची किंकाळी कुणाची?

नमस्कार मंडळी! ‘टॉम अँड जेरी’ कार्टूनमध्ये टॉम बोक्याच्या शेपटीवर इस्त्री पडते आणि तो जिवाच्या आकांतानं ओरडतो, आठवतंय? तो आवाज विल्यम हॅनाचा, म्हणजे खुद्द दिग्दर्शकाचा. पठ्ठ्यानं स्वतः माइकसमोर उभं राहून बोंब ठोकली होती.

पहिला भाग आला फेब्रुवारी १९४० मध्ये. तेव्हा बोक्याचं नाव जॅस्पर होतं. एवढी वर्षं लोटली, तरी कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आजी आणि नात आजही एकाच वेळी खिदळतात. का? लगेच उत्तर येतं, संवाद नाहीत म्हणून. पुण्यात उत्तर तयार नाही असं होतच नाही म्हणा! पण हे उत्तर अर्धवट आहे. संवाद नसलेली कार्टून्स ढिगानं आली आणि गेली.

माझ्या मते खरी जादू आवाजात आहे. गोष्ट आणि स्केचेस हॅनाचा जोडीदार जोसेफ बार्बेराची, टायमिंग हॅनाचं. सेकंदाला २४ फ्रेम, त्यात जेरी कितव्या ठोक्याला उडी मारणार हे आधीच ठरलेलं. मग संगीतकार स्कॉट ब्रॅडली त्या ठोक्यांवर संगीत लिहायचा आणि हे कार्टून काढणाऱ्या एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचा खराखुरा ऑर्केस्ट्रा ते वाजवायचा. जॅझ, लोकगीतं, शास्त्रीय तुकडे, एका भागात तर संगीतकार श्योनबर्गची, सप्तकातले बाराही सूर सारख्याच मानानं वापरणारी, कानाला अवघड वाटणारी बारा सुरांची पद्धत. लहान मुलांच्या कार्टूनमध्ये, बरं का! भरत नाट्य मंदिरात फार्स बघितला असेल तर कळेल. दार अर्धा सेकंद उशिरा उघडलं की हशा गेला.

पुरावा हवाय? १९५७ मध्ये एमजीएमनं आपला कार्टून स्टुडिओ बंद केला. पुढे १९६१-६२ मध्ये जीन डाइच या दुसऱ्या दिग्दर्शकानं तुटपुंज्या पैशांत प्रागमध्ये १३ भाग केले. बोका तोच, उंदीर तोच. पण आवाज घुमणारे, पोकळ, जणू रिकाम्या टाकीत कुणी भांडी आपटतंय. जुने चाहते आजही त्या भागांना नाकं मुरडतात. मला मात्र त्यांचा विचित्रपणा थोडा आवडतो, ते असो.

दुसरी गोष्ट, टॉम खलनायक नाही. पहिल्याच भागात त्याला ताकीद मिळते, आणखी एक वस्तू फोडलीस तर घराबाहेर! जेरीला हे कळतं आणि तो सरळ काचेचे ग्लास फोडायची धमकी देतो. सांगा, दादागिरी कुणाची? म्हणून लहानपणी आपण जेरीच्या बाजूनं असतो आणि नोकरीला लागलो की हळूच टॉमकडे सरकतो.

ही ताकीद देणारी बाई म्हणजे कृष्णवर्णीय मोलकरणीचं साचेबद्ध चित्रण होतं. त्यावर टीका झाली, आणि रास्तच झाली. पुढे काही भाग बदलून दाखवले गेले.

आता एक करा. १९४७ मध्ये ऑस्कर मिळालेला ‘द कॅट कॉन्सर्टो’ लावा. टॉम पियानोवर संगीतकार फ्रान्झ लिस्टची ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक दोन’ ही रचना वाजवतोय, जेरी पियानोच्या आत झोपलाय. एकदा आवाज बंद करून बघा. मग आवाज लावा आणि स्क्रीनकडे पाठ करून नुसतं ऐका. कोण कुणाला कधी मारतंय ते ओळखता आलं का, खाली लिहा. आणि टॉमची बाजू घेणाऱ्यांनी आधी वय सांगा!