आवाज का येत नव्हता? सुरुवातीच्या लिनक्स डेस्कटॉपची गोष्ट
(व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय जुना आहे, नव्वदचं दशक आणि दोन हजारच्या आसपासचा काळ, पण जुना म्हणून सोडून देण्यासारखा अजिबात नाही असं मला मनापासून वाटतं. लिनक्स, फ्रीबीएसडी या मोकळ्या, म्हणजे कुणीही वाचावा आणि बदलावा असा कोड असलेल्या, ऑपरेटिंग सिस्टिम सर्व्हरवर भराभर पसरल्या आणि डेस्कटॉपवर मात्र लोक साउंड कार्ड, मॉनिटर, मोडेम यातच अडकून बसले, असं का झालं? यावर एक उत्तर नेहमी ऐकू येतं, की ही सिस्टिम प्रोग्रामर लोकांनी स्वतःसाठी बनवली, त्यांना गाणी आणि व्हिडिओत रस नव्हता. हे मला पटत नाही. तारखा बघा ना. लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये आपलं काम जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी हन्नू सावोलाइनेन या फिनलंडच्याच माणसाने साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिहून दिला होता. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, १.० हा नंबर लागला मार्च १९९४ मध्ये, म्हणजे सिस्टिम "तयार" म्हणायच्या आधीच तिला आवाज होता. रस भरपूर होता, कमी पडत होती ती माहिती, आणि आज मला त्याच माहितीबद्दल बोलायचंय.

सर्व्हरला लागतं काय, हार्डडिस्क, नेटवर्क कार्ड आणि अक्षरं दाखवणारा स्क्रीन. नेटवर्क कार्डांचं म्हणाल तर नासात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकरने एकट्याने इतके इथरनेट ड्रायव्हर लिहिले की बरीच वर्षं लोक कार्ड घेताना त्याच्या यादीत नाव आहे का ते बघायचे. डेस्कटॉपला याशिवाय ग्राफिक्स, आवाज, प्रिंटर, स्कॅनर, टीव्ही कार्ड सगळंच लागतं, आणि यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या कंपनीची, प्रत्येक चिपची रजिस्टरं, म्हणजे तिला हुकूम द्यायचे कप्पे, वेगळी, आणि ती रजिस्टरं काय करतात हे लिहिलेला कागद कंपनीच्या कपाटात.

आधी स्क्रीनचं बघू. एक्सफ्री८६ हा प्रकल्प १९९२ चा, पीसीवर एक्स विंडो, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी व्यवस्था, चालवायची तर तोच. आता त्यात मॉनिटर लावणं म्हणजे काय होतं ते आजच्या मुलांना खरंच सांगायला हवं, कारण त्यातून यंत्र समजतं. कॉन्फिग फाइलमध्ये मोडलाइन नावाची एक ओळ लिहावी लागायची, नऊ आकडे. १०२४ बाय ७६८ साठी पहिला आकडा ६५, म्हणजे सेकंदाला साडेसहा कोटी ठिपके पाठवायचे. मग आडव्या ओळीचे चार आकडे, १०२४, १०४८, ११८४, १३४४, आणि उभे चार, ७६८, ७७१, ७७७, ८०६. दिसणारे ठिपके १०२४ च, पण ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत उजव्या टोकाला पोचला की त्याला परत डावीकडे यायला वेळ लागतो, तो वेळ धरून ओळ होते १३४४ ठिपक्यांची. तसंच खालून वर जायला वेळ लागतो म्हणून ७६८ ओळींच्या होतात ८०६. आता साडेसहा कोटीला १३४४ ने भागा, साधारण ४८,४०० येतात, म्हणजे मॉनिटरला सेकंदाला इतक्या ओळी काढता आल्या पाहिजेत, आणि त्याला ८०६ ने भागलं की येतात ६०, तो झाला रिफ्रेश रेट. हे सगळं माणसाने हाताने करायचं, आणि मॉनिटरची मर्यादा त्याच्या पुस्तिकेत शोधायची, पुस्तिका हरवली असेल तर अंदाज. आणि अंदाज चुकला तर जुने मॉनिटर खरोखर खराब होऊ शकायचे, एक्सफ्री८६ च्या कागदपत्रांत तशी स्पष्ट सूचनाच होती. पुढे मॉनिटर स्वतःच आपली माहिती केबलमधून सांगायला लागले आणि ही ओळ लिहिणं बंद झालं. गंमत अशी की गणित जराही बदललं नाही, मर्यादा मॉनिटरकडून कळायला लागल्या एवढंच, आणि तेवढ्याने लाखो लोकांचा त्रास संपला.

आता आवाज. यावर मी जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त गोष्टी इथेच दिसतात.

साउंड ब्लास्टरचा ड्रायव्हर इतक्या लवकर का आला? कारण डॉसवरचे गेम थेट कार्डाशी बोलायचे, त्यामुळे ते कार्ड कसं चालवायचं हे हजारो प्रोग्रामरना आधीच ठाऊक होतं, कार्डाचा पत्ता २२०, इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) ५ किंवा ७, डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून डेटा उचलायचा मार्ग) १, हे आकडे लोकांना पाठ असायचे. माहिती बाहेर होती, ड्रायव्हर आला. पण जुन्या आयसा स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डांना "तू कोण, कुठे बसलायस" असं विचारायची सोयच नव्हती, कर्नलने अंदाजाने एखाद्या पत्त्यावर काही लिहून बघितलं आणि तिथे नेटवर्क कार्ड निघालं तर मशीन गोठायचं, म्हणून आकडे माणसानेच सांगायचे. मग प्लग अँड प्ले, म्हणजे कार्डाने स्वतःची ओळख सांगायची पद्धत, आलं आणि थोडा काळ परिस्थिती उलट बिघडली, कारण कार्डावर हाताने सेटिंग करायचे जंपर गेले आणि सेटिंग सॉफ्टवेअरने करायची वेळ आली. लिनक्सवर त्यासाठी आयसापीएनपी टूल्स होती, त्यातला एक प्रोग्राम कार्डाला विचारून सगळ्या शक्यता एका लांबलचक फाइलमध्ये लिहून द्यायचा, प्रत्येक ओळ कॉमेंट केलेली, म्हणजे बंद ठेवलेली, आणि तुम्ही एकेक ओळ वाचून हवी ती उघडायची. नवीन माणूस तिथेच हात टेकायचा आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता.

बरं, ड्रायव्हर लागला, आता गाणं वाजतंय पण मधेच तुटतंय. का? सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, दोन चॅनल, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. हा डेटा एका बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, भरायचा, कार्ड डीएमएने तो उचलत राहतं. आयसाच्या आठ बिटी डीएमएला एका वेळी ६४ केबीच दिसायचे, तेही मेमरीच्या पहिल्या १६ एमबीत आणि सलग एका तुकड्यात. ६४ केबी म्हणजे जेमतेम ०.३७ सेकंदाचा आवाज. तेवढ्या वेळात प्लेयरला प्रोसेसर मिळून पुढचा डेटा भरता आला नाही, समजा डिस्कवर मोठं काम चाललंय, की आवाज तुटला. आणि अजून एक भानगड, मशीन बराच वेळ चालू असेल तर मेमरीचे इतके तुकडे झालेले असायचे की ६४ केबीचा सलग तुकडा सापडायचाच नाही, ड्रायव्हर चढायचा पण आवाज सुरू व्हायचा नाही, म्हणून साउंड मॉड्यूलला एक ऑप्शन दिलेला होता की बफर एकदा घेतलास की सोडू नकोस. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांना वाटायचं की सिस्टिम लहरी आहे, सकाळी आवाज येतो, संध्याकाळी येत नाही.

सावोलाइनेनच्या ड्रायव्हरमधून जी पद्धत रूढ झाली तिला ओएसएस म्हणतात, ओपन साउंड सिस्टिम. ती पद्धत अतिशय सुंदर होती असं माझं मत आहे, हे मी उगाच म्हणत नाही. स्लॅश डेव्ह स्लॅश डीएसपी नावाची एक फाइल, ती उघडायची, त्यात नमुने लिहायचे, आवाज येतो, वाचलं तर माइकचा आवाज मिळतो. युनिक्सचं सगळं तत्त्वज्ञान त्यात आलं. पण ती फाइल एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकायचा, कारण बहुतेक कार्डांत अनेक आवाज मिसळायची सोय, म्हणजे हार्डवेअर मिक्सिंग, नव्हती. गाणं चालू असताना मेल आल्याची सूचना वाजायची नाही, किंवा त्याहून वाईट, सूचना देणारा प्रोग्राम फाइल मोकळी व्हायची वाट बघत तिथेच अडकून पडायचा.

यावर उपाय म्हणून साउंड सर्व्हर आले. एक प्रोग्राम फाइल धरून बसणार, बाकी सगळे त्याला आवाज देणार, तो मिसळून कार्डाला देणार. लिनक्सच्या दोन मोठ्या डेस्कटॉपांपैकी ग्नोमने ईएसडी हा सर्व्हर घेतला, केडीईने आर्ट्स घेतला. आता एक प्लेयर ईएसडीशी बोलतोय, दुसरा आर्ट्सशी, तिसरा गेम थेट डीएसपी फाइल मागतोय, म्हणजे भांडण एका मजल्याने वर सरकलं, मिटलं नाही. फ्रीबीएसडीवाल्यांनी मात्र मिक्सिंग कर्नलमध्येच घातलं, एकाच कार्डाचे अनेक आभासी चॅनल केले आणि ओएसएसची पद्धत तशीच ठेवली, ती तिथे आजही चालते. लिनक्सच्या लोकांनी तो रस्ता का घेतला नाही यावर खूप वाद झालाय. आवाजाचं गणित कर्नलमध्ये नको हा त्यांचा आग्रह, आणि मला विचाराल तर त्या काळच्या सामान्य वापरणाऱ्याला फ्रीबीएसडीचं उत्तर जास्त सोयीचं होतं.

लिनक्सने निवडली आल्सा, ओएसएसच्या जागी आणलेली आवाजाची दुसरी व्यवस्था. यारोस्लाव्ह किसेला या चेक प्रोग्रामरने ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डासाठी वेगळा ड्रायव्हर लिहायला घेतला, त्यातून १९९८ च्या सुमारास हा प्रकल्प उभा राहिला, २००२ मध्ये तो कर्नलच्या २.५ या विकास शाखेत गेला आणि डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलबरोबर सगळीकडे पोचला. मधल्या काळात ओएसएसची पूर्ण आवृत्ती फोरफ्रंट टेक्नॉलॉजीज विकत होती, कर्नलमधली मोफत आवृत्ती मागे पडत होती, हेही एक मोठं कारण. आल्साने मिडी (वाद्यांचे सूर सांगणारा डेटा), अनेक चॅनल, एकाहून जास्त कार्डं हे नीट मांडलं, जुन्या प्रोग्रामसाठी ओएसएसची नक्कलही दिली. पण आल्सा बसवल्यावर सगळे चॅनल म्यूट असायचे! म्हणजे ड्रायव्हर बरोबर, प्लेयर बरोबर, स्पीकर बरोबर आणि आवाज शून्य, मग कोणीतरी सांगायचं की आल्सामिक्सर उघड आणि एम दाब. मिक्सिंगचा प्रश्न शेवटी लेनार्ट पोएटरिंगच्या पल्सऑडिओ या नव्या साउंड सर्व्हरने बराचसा हाताळला, २००७ च्या फेडोरा ८ या लिनक्स वितरणात तो आपोआप चालू असायचा. तेव्हा लोकांनी त्याला खूप शिव्या घातल्या, पण त्यातल्या पुष्कळ चुका खालच्या ड्रायव्हरांच्या होत्या, कार्डात किती डेटा वाजवून झालाय याचा आकडाच ड्रायव्हर चुकीचा सांगायचे आणि आधी कुणी तो आकडा इतक्या काटेकोरपणे वापरलेलाच नव्हता.

मोडेमचं थोडक्यात सांगतो. फोन लाइनवरून इंटरनेट जोडणाऱ्या मोडेमचा विनमोडेम हा एक प्रकार आला, त्यातून कंपन्यांनी सिग्नल प्रोसेसिंगची चिप काढून टाकली, ते काम विंडोजवरच्या ड्रायव्हरवर ढकललं, कार्ड स्वस्त झालं. लिनक्सवाल्याच्या हातात उरली फोन लाइनचा सिग्नल आकड्यांत बदलणारी एक चिप आणि काहीही कागद नाही. इंटरनेट नसेल तर ड्रायव्हर उतरवणार कसा आणि ड्रायव्हर नसेल तर इंटरनेट येणार कसं, यात कितीतरी लोक लिनक्स सोडून गेले.

थ्रीडीची गोष्ट मला आवडते कारण तिथे कागद मिळाल्यावर काय होतं ते दिसतं. ब्रायन पॉलचं मेसा १९९५ पासून उपलब्ध होतं, ओपनजीएलचं, म्हणजे थ्रीडी चित्रं काढायच्या प्रमाणित पद्धतीचं, सगळं काम प्रोसेसरवर करणारं. थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू कार्डांसाठी डॅरिल स्ट्रॉसने ग्लाइड ही त्या कार्डांची स्वतःची थ्रीडी लायब्ररी लिनक्सवर आणली. मॅट्रॉक्सने आपल्या जी२०० या ग्राफिक्स चिपची माहिती दिली तर चक्क जॉन कारमॅक, क्वेक गेमचा प्रोग्रामर, तो युटा-जीएलएक्स या प्रकल्पात येऊन ड्रायव्हरचं कोड लिहायला बसला. मार्च २००० च्या एक्सफ्री८६ ४.० मध्ये डीआरआय आलं, म्हणजे प्रोग्रामला थेट कार्डाशी बोलायचा सुरक्षित रस्ता. एनव्हिडियाने बंद, म्हणजे कोड न दाखवलेला, ड्रायव्हर दिला, तो वेगवान होता, पण कर्नल बदलला की वाट बघा. २००७ मध्ये एएमडीने रेडिऑन ग्राफिक्स चिपांचे कागद जाहीर करायला सुरुवात केली आणि तिथून मोकळा रेडिऑन ड्रायव्हर वर्षागणिक सुधारत गेला.

कोडेक म्हणजे गाणी-व्हिडिओ दाबून साठवायची आणि उलगडायची पद्धत, तिचं दुखणं वेगळं होतं, तिथे हार्डवेअर नाही तर कायदा आडवा यायचा. एमपी३ वर पेटंट, म्हणून रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००२ च्या ८.० आवृत्तीतून एमपी३ वाजवणंच काढून टाकलं, त्याच वर्षी पेटंटमुक्त ऑग व्हॉर्बिस १.० आलं, पण लोकांच्या डिस्कवर होत्या एमपी३. डीव्हीडीवर सीएसएसचं कुलूप, ते उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्राम ऑक्टोबर १९९९ मध्ये बाहेर आला, तो आणणाऱ्यांपैकी नॉर्वेचा योन योहान्सन तेव्हा पंधरा वर्षांचा होता, त्याच्यावर खटला चालला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. आपण विकत घेतलेली डिस्क आपल्याच मशीनवर बघता यावी यासाठी एका मुलाला कोर्टात उभं राहावं लागलं याचा मला आजही राग येतो. एमप्लेयर या व्हिडिओ प्लेयरच्या लोकांनी तर विंडोजच्या डीएलएल, म्हणजे कोडेकच्या तयार प्रोग्राम-फाइली, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमधला कोड वापरून लिनक्समध्ये चढवल्या आणि त्यांच्याकडून व्हिडिओ उलगडून घेतला. हे चालायचं फक्त इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर, पॉवरपीसी हा दुसरा प्रोसेसर वापरणाऱ्यांना काहीच नाही. खरं उत्तर दिलं एफएफएमपेगने, फाब्रिस बेलारने २००० मध्ये सुरू केलेला प्रकल्प, त्यात सोरेन्सनसारखे बंद कोडेकसुद्धा उलगडून नव्याने लिहिले गेले आणि मग प्रोसेसर कुठला हा प्रश्नच उरला नाही.

काहीजण म्हणतील, आता तर इंटेलचं एचडी ऑडिओ हे आवाजाच्या चिपांचं मानक आहे, २००४ पासून त्याचं स्पेसिफिकेशन सगळ्यांसाठी खुलं आहे, मग प्रश्न संपला का? नाही संपला. स्पेसिफिकेशन सांगतं चिपशी कसं बोलायचं, पण चिपच्या कुठल्या पिनला हेडफोन जोडलाय आणि कुठल्या पिनला आतला स्पीकर, हे प्रत्येक लॅपटॉप बनवणारा आपल्या मनाने ठरवतो. हे बायोसने, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या प्रोग्रामने, खरं सांगायला हवं, ते पुष्कळदा खोटं सांगतं. म्हणून कर्नलमध्ये रिअलटेकच्या चिपांसाठी एक भलीमोठी यादी आहे, हा मॉडेल असेल तर ही पिन अशी समज, तो असेल तर तशी. ती यादी वापरणाऱ्यांनीच भरत आणली आहे. तुमच्या लॅपटॉपवर हेडफोन लावूनही स्पीकर वाजत राहिला तर आल्सा-इन्फो हा माहिती गोळा करणारा प्रोग्राम चालवा, त्यातून निघालेली माहिती डेव्हलपरना पाठवा, त्यांनी दिलेला बदल स्वतःच्या मशीनवर लावून बघा, आणि चाललं तर तसं कळवा, म्हणजे तुमच्या मॉडेलची ओळ पुढच्या कर्नलमध्ये जाऊ शकते.