पाच मीटर, पाच सूत

ही लेन्स मुद्दाम टेबलावर ठेवलीय. भाषण झाल्यावर हातात घेऊन बघा, पण खालून आधार देऊन. दोन किलोची आहे. १५० ते ६०० मिलिमीटर. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर माझी पस्तीस वर्षं गेली, त्यामुळे खोकं उघडल्यावर मी कॅमेऱ्याच्या आधी व्हर्नियर काढला. सहाशे मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन फूट, आणि ही नळी मिटवली की साडेदहा इंचांतच संपते. म्हटलं, फसलो की काय! मग कळलं की टेलिफोटो म्हणतात ते यालाच. मागची भिंगं अशी बसवतात की नळी फोकल लेंग्थपेक्षा, म्हणजे त्या सहाशेच्या आकड्यापेक्षा, आखूड राहते. बायकोला ही मेकॅनिकची हुशारी काही पटली नाही. ती म्हणाली, "एवढ्यात एक दुभती म्हैस आली असती."

घेतली कशासाठी, तर धनेशासाठी. खानापूरच्या पुढे जांबोटी, कणकुंबीचा पट्टा आपल्या हाताशी आहे, भीमगड तर २०११ पासून अभयारण्य आहे. एप्रिलातल्या एका रविवारी मोटारसायकलवर गेलो. रस्त्यापासून ऐंशी मीटरवर फळांनी लगडलेलं झाड, त्यावर कवड्या धनेश. तीनशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर एकही धड नाही! पक्षी म्हणजे चिखलाचा गोळा, चोच म्हणजे पिवळा डाग.

लेन्सला दोष देऊन मोकळा झालो असतो, पण यंत्राला शिव्या देण्याआधी माप घ्यायचं ही आमची सवय. हिशेब मांडला. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आत चित्र उमटतं ती पट्टी, छोटा, सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद. ऐंशी मीटरवर या लेन्सची चौकट तीन मीटर रुंद पडते. त्यात दोन-सव्वादोन फुटांचा पक्षी कितीसा मावणार? वर मधे ऐंशी मीटर तापलेली हवा. दुपारी डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना तुम्ही बघितलीय ना, तीच. ती थरथर काचेला दुरुस्त करता येत नाही, मग काच लाखाची असो की दोन लाखांची. आता तोच हिशेब पाच मीटरला करा. चौकट वीतभर! चार इंचांचा शिंजीर, तो फुलातला मध पिणारा पक्षी, त्यात अर्धी जागा व्यापतो.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायला उभा आहे. नवीन लेन्स घेणारा प्रत्येक जण लांबचं जवळ आणायला निघतो, मीही निघालो होतो. पण ही लेन्स खरी कामाची आहे जवळच्यासाठी. जे जवळ आहे, लहान आहे, आणि तुम्ही आणखी दोन पावलं टाकलीत की उडून जाणार आहे, त्याच्यासाठी.

जूनमध्ये आपला पाऊस लागला आणि बाहेर जाणं बंदच झालं. आमचं घर जुन्या वळणाचं, मागे परडं, त्यात आड, जास्वंद, पपई, एक तुती. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून जास्वंदीपर्यंत टेप लावला, पाच मीटर. या लेन्सला पावणेतीन मीटरच्या आतलं दिसत नाही, तेव्हा पाच छान. खिडकीत तांदळाची उशी करून तिच्यावर लेन्स टेकवली. ट्रायपॉड नंतर आला, पण उशी अजून आहे, आणि खरं सांगू, तीच बरी.

आता सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कारखान्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडात हे माप अजून आहे. सहाशेला, पाच मीटरवर, लेन्सचं उजेड घेणारं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर जेवढ्या जाडीत सगळं तीक्ष्ण दिसतं ती जाडी भरते सुमारे पाच सूत. म्हणजे दीड सेंटिमीटर. शिंजीर तुमच्याकडे तोंड करून बसला आणि फोकस चोचीच्या टोकावर लागला की डोळा गेलाच. पहिल्या महिन्यात माझ्याकडे उत्तम चोचींचा संग्रह झाला. नंतर शिकलो की एकच फोकस पॉइंट ठेवायचा, तो डोळ्यावर, आणि पक्षी आडवा होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाला. लेन्समधला स्टॅबिलायझर तुमच्या हाताचा कंप सावरतो, पक्ष्याचा नाही. पावसाळी उजेडात त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, चढवावा लागतो, मग चित्रात दाणे येतात. येऊ देत.

खार, बुलबुल, साळुंकी यांचे फोटो भराभर पुढे सरकवतो, तुमच्या मोबाइलमध्येही असतील. इथं थांबा. हा शिंजीर बघा, काय करतोय? फुलात चोच घातलेली नाही त्यानं. जास्वंदीचं फूल याच्या चोचीला खोल पडतं, म्हणून हा देठाकडून येतो, बुडाशी भोक पाडतो आणि मध पिऊन जातो. परागांना शिवतही नाही. चक्क चोरी! वीस वर्षं रोज सकाळी मी याच झाडाची फुलं देवाला वाहतोय. बुडाशी बारीक चिरा असतात हे या फोटोनंतर कळलं. दुसऱ्या दिवशी परडीतलं एकेक फूल उलटं करून बघितलं. अर्ध्याहून जास्त फुलं आधीच फोडलेली. देवाला उष्टीच जात होती की!

शेजारच्या अक्का कानडी. त्यांचं मराठी माझ्या कानडीपेक्षा शंभरपट बरं. हा दयाळ त्यांना दाखवला तर म्हणाल्या, "मडिवाळ." मडिवाळ म्हणजे परीट. मी म्हटलं, परीट हा नव्हे, परीट तो शेपटी आपटत चालणारा, धोबी. कुंपणावरून अर्धा तास वाद. शेवटी दोघांनी आपापला परीट ठेवला.

त्यांच्याकडनंच आणखी एक नाव मिळालं. भारद्वाज सकाळी दिसला की आपण शुभ म्हणतो. कानडीत त्याला म्हणतात केंबूत. कानाला तांबडं भूतच ऐकू येतं. मी हसलो होतो.

ऑगस्टमध्ये तुतीवर शिंप्यानं घरटं केलं. दोन पानं शिवून द्रोण, आत कापूस, पिल्लं तीन. पक्ष्याला घरटं वरून झाकलेलं हवं असतं आणि मला उजेड. आड येणारी एक फांदी मी बाइंडिंग तारेनं बाजूला बांधली. तोडली नाही, फक्त बांधली, असं स्वतःला बजावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास अक्कांची हाक आली, "तम्मा, केंबूत आलंय बघ!" मी खिडकीतच होतो, डोळा लेन्सला. भारद्वाज एकेक फांदी चढत आला. अंडीपिल्लंही तो खातो हे मला माहीत होतं. मी अकरा फोटो काढले. मग ओरडलो. तोवर घरटं रिकामं.

ते अकराही फोटो तीक्ष्ण आहेत. डोळ्यावर फोकस, तांबडा डोळा, एकही वाया गेलेला नाही. आज आणलेले नाहीत.

आणलाय तो हा शेवटचा. त्याच खिडकीतून, पुढच्या आठवड्यात, घरटं ओकं असताना. शिंपी गाठ मारत नाही. पानाच्या कडेला चोचीनं भोक पाडतो, त्यातून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढतो, आणि बाहेर आलेलं टोक फुलून तिथंच अडकतं. रिव्हेट. आम्ही पत्र्यावर मारतो तसंच. मोजा हवं तर, या बाजूला चौदा आहेत. एकही सुटलेलं नाही. आणि उजव्या कोपऱ्यात धुरकट काहीतरी चमकतंय ना, पाच सुतांच्या बाहेर आहे म्हणून नीट दिसत नाही, ती माझी तार.